‘थेट’ विजेचा शोध : कोळसा, राख आणि घन ऑक्साइड घट

कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे आणि चक्राने जनित्र, हा विजेचा मार्ग लांबचा असून वाटेत बरीच उष्णता वाया जाते. मधले टप्पे टाळून कोळशातील रासायनिक ऊर्जा एकदम विजेत उतरविता येईल काय, हा प्रश्न विल्हेल्म ऑस्टवाल्ट याने १८९४ मध्ये आग्रहाने मांडला. इंधन-विद्युत् घटाचे तत्त्व तेव्हा नवीन नव्हते; हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून विल्यम ग्रोव्ह याने वीज मिळविली, त्याला अर्धशतक लोटले होते. कार्बनचे आकर्षण मात्र विशेष होते. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होताना एन्ट्रॉपीत जवळजवळ फरक पडत नाही. त्यामुळे कागदावर तरी त्याची बहुतेक सर्व ऊर्जा वीज म्हणून हाती यावयास हवी.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. या इतिहासाकडे पाहताना त्याची दृष्टी एका शब्दावर खिळून राहिली, हे आधीच कबूल केलेले बरे. तो शब्द म्हणजे ‘थेट’.

कोळशापासून थेट वीज मिळविल्याचा गाजावाजा १८९६ मध्ये बोस्टनच्या विल्यम जॅक्स याने केला. लोखंडी भांड्यात वितळलेला दाहक सोडा, त्यात बुडविलेली कोळशाची कांडी आणि पंपाने आत सोडलेली हवा, अशी त्याची रचना होती. (‘घट’ हा आपला पारिभाषिक शब्द येथे अगदी वाच्यार्थानेही लागू पडतो.) असे शंभर घट जोडून त्याने सुमारे दीड किलोवॉट शक्ती मिळविली व कार्यक्षमता ८२ टक्के असल्याचे सांगितले. सोडा वितळलेला ठेवणाऱ्या भट्टीची उष्णता आणि पंपाला लागणारी शक्ती हिशेबात धरल्यावर ती ८ टक्क्यांच्या आसपास उतरली! शिवाय सोड्याचे कार्बोनेट होत जाई, म्हणजे इंधनाबरोबर घटही खर्ची पडे. पुढे १९०४ मध्ये हाबर आणि ब्रुनर यांनी दाखविले की, जॅक्सच्या भांड्यात वीज देणारा पदार्थ कार्बन नसून सोड्याच्या क्रियेतून निघणारा हायड्रोजन होता. ‘थेट’ या शब्दाची पहिली फजिती ती ही.

दुसरी घन पदार्थाच्या बाबतीत झाली. नेर्न्स्टने आपल्या दिव्यासाठी झिर्कोनियात सुमारे १५ टक्के यिट्रिया मिसळून एक मृत्तिकाद्रव्य तयार केले होते. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. ते जाळीतील रिकाम्या जागांमुळे, हे कार्ल वाग्नरने १९४३ मध्ये स्पष्ट केले. त्यापूर्वीच, १९३७ मध्ये, बाउर आणि प्राइस यांनी झुरिक येथे असल्या द्रव्याचा घट सुमारे १००० अंश सेल्सिअसला चालविला होता. पण द्रवरूप सोडा कोळशाला वेढून बसतो, तशी घन मृत्तिका बसत नाही. दोन घन पदार्थ काही बिंदूंपुरतेच एकमेकांस टेकतात. मग प्रत्यक्षात घडते ते असे : कार्बन डायऑक्साइड कोळशाशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो ऋणाग्रापाशी ऑक्सिजनचे आयन घेतो व पुन्हा डायऑक्साइड होऊन कोळशाकडे वळतो. येथेही वीज देतो तो वायूच. १९६० नंतर वेस्टिंगहाउस कंपनीने अमेरिकन सरकारच्या कोळसा संशोधन कार्यालयासाठी जी योजना आखली, तिच्यात कोळशाचा आधी वायू करणे उघडपणेच गृहीत धरले होते.

वायू पुढे जातो, राख मागे राहते. गंधकाचे तर काही दशलक्षांश हायड्रोजन सल्फाइडही निकेलच्या ऋणाग्रास बाधते. म्हणून घटाच्या इतिहासाचा खरा धागा कोळशाच्या शुद्धीकरणाकडे जातो, आणि तेथे आपला संबंध येतो.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाखालून कोळसा निघत नाही. परळीच्या केंद्रास तो बाहेरूनच आणावा लागतो. वर्धा खोऱ्यात वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू होऊन १९०६ मध्ये बंद पडली. पलीकडचा राजुरा-सास्तीचा पट्टा निजामी राज्यात होता. राजुरा तालुका १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये चांद्यास; तेवढी तीन वर्षे मराठवाड्याच्या नकाशावर कोळसा होता म्हणावयाचा.

या गोंडवनी कोळशात गंधक सामान्यतः थोडे असते, ही जमेची बाजू. राख मात्र पुष्कळ, बहुधा ३० ते ४५ टक्के, आणि ती वरून चिकटलेली नसते. वनस्पतींचा गाळ व माती एकत्रच साचल्याने ती अंगभूत असते. घनतेच्या फरकावर चालणाऱ्या धुलाईकेंद्रात ती फारशी सुटत नाही. खाणीपासून दूर असलेल्या वीजकेंद्रांसाठी सरकारने घातलेली राखेची मर्यादासुद्धा ३४ टक्के होती, आणि २०२० मध्ये तीही काढून घेण्यात आली. क्षार व आम्ल यांनी कोळसा निक्षालित केल्यास राख एका टक्क्याखाली नेता येते. परंतु रसायनांचा खर्च आणि उरलेल्या द्रावाची विल्हेवाट हे नवे प्रश्न उभे राहतात. तेव्हा ‘स्वच्छ कोळसा’ म्हणजे धुतलेला, निक्षालित की वायुरूप, हे विचारल्यावाचून कोणताही आकडा स्वीकारू नये. आपल्या कोळशाला वायूचाच मार्ग मानवेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या घटात हवेतील नायट्रोजन इंधनाच्या बाजूस येत नसल्याने बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा धरणे सोपे जाते. तो नाहीसा मात्र होत नाही.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत घन ऑक्साइड घटांवर काम झाले आहे, तेव्हा या विषयाची परिभाषा मराठीत लागणारच. ‘थेट कोळसा घट’ ही संज्ञा रूढ होण्यापूर्वी ‘घन-कार्बन इंधन घट’ ही कोशकारांनी विचारात घ्यावी. ती उच्चारावयास जड आहे खरी. पण तिच्यात इंधनाचे रूप तेवढे सांगितले आहे, मार्गाविषयी वचन दिलेले नाही.