गोदावरीत गळ टाकण्यापूर्वी : मासेमारीसाठी निर्धोक जागा कशी ओळखावी?

समुद्रकाठच्या माणसाला पाण्याची वेळ पंचांगात सापडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. परभणी जिल्ह्यातील ताडकळस परिसरातून गळ घेऊन गोदावरीच्या पात्रात उतरणाऱ्यास मात्र असे पंचांग उपलब्ध नाही. येथील नदीची भरती-ओहोटी चंद्रावर नव्हे, तर दूरवरच्या धरणांच्या दरवाजांवर ठरते. डोक्यावर लख्ख ऊन आणि गावात थेंबभरही पाऊस नसताना पायाखालचे पाणी चढू लागते, ते यामुळेच. म्हणून या भागात 'मासा कोठे लागेल?' या प्रश्नाआधी 'पाणी कोठून आणि केव्हा येईल?' हा प्रश्न विचारावा लागतो.

नदीकाठच्या भोई समाजाला हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. गळ, रीळ आणि हवा भरून फुगविण्याची कयाक घेऊन सुटीच्या दिवशी शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींना ते ठाऊक असतेच असे नाही. त्यांच्यासाठी ही माहिती.

दोन नद्यांमधील मुलूख

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातील मोठे गाव. येथून पालमकडे जाताना धानोरा काळे येथे गोदावरी आडवी येते. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाने पूर्णा नदी वाहते आणि कंठेश्वर येथे ती गोदावरीस मिळते. या दोन्ही नद्या आज मुक्तपणे वाहत नाहीत. त्र्यंबकेश्वरला उगम पावून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करणारी गोदावरी पैठण येथे जायकवाडी धरणाने अडविली आहे. १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणास २७ दरवाजे आहेत. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाचे पाणीही पुढे गोदावरीतच येते. परभणी जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल आणि डिग्रस येथे उच्च पातळी बंधारे आहेत, तर खाली नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प आहे. पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे असून निम्न दुधना प्रकल्पाचे पाणीही शेवटी पूर्णेतच उतरते.

थोडक्यात, नदी ही आता एकामागून एक साठलेल्या डोहांची पायरीवजा रांग झाली आहे. बंधाऱ्यामागच्या या संथ पाण्यात मासा वाढतो आणि मासेमारीही तेथेच चालते. पायरीवरचा एक दरवाजा उघडला की खालच्या प्रत्येक पायरीवरचे पाणी हलते, हे या संथपणाचे दुसरे रूप होय.

पाण्याचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हा काळ हौशी मासेमारीसाठी वर्ज्य समजावा. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुराने गंगाखेड ते नांदेडपर्यंतची काठावरची वस्ती हादरून गेली होती. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनेही मराठवाड्याला तोच अनुभव दिला. परंतु धोका केवळ महापुराचा नसतो. वृत्तपत्रात 'दहा हजार क्युसेकने विसर्ग' असे वाचताना आकड्याचा अर्थ ध्यानात येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. पैठणहून सुटलेले एवढे पाणी परभणी जिल्ह्यात पोहोचेपर्यंत सोडल्याची बातमी शिळी झालेली असते. कालच्या बातमीचे पाणी आज पायाशी येते.

पावसाळा सरतेवेळी बंधाऱ्यांचे दरवाजे बंद करून पाणी अडविले जाते. त्यानंतरचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत अनुकूल. पाणी भरलेले, संथ आणि निवळलेले असते, वाराही बेताचा असतो. मार्चपासून पातळी उतरू लागते. उघड्या पडलेल्या गाळात कमरेपर्यंत रुतण्याचा धोका तेव्हा वाढतो.

उन्हाळ्यात नदी निर्धोक असते, हा समजही पुरता खरा नाही. नांदेड शहराची तहान भागविणाऱ्या विष्णुपुरी प्रकल्पासाठी डिग्रस बंधाऱ्यातून उन्हाळ्यातही पाणी सोडण्यात आलेले आहे. येलदरी येथे साडेबावीस मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. तेथे वीजनिर्मिती सुरू झाली की खालच्या पात्रातील पाण्याची चाल बदलते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारा वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. उघड्या पाण्यावर हातात लांब गळ धरून बसलेला माणूस हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाईल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. आभाळ भरून येताच ते पाहण्याचीही वाट न बघता काठ गाठावा, हे अधिक शहाणपणाचे.

टाळावयाच्या जागा

पहिली जागा बंधाऱ्याची. दरवाजांच्या वरच्या बाजूस पाणी आत खेचले जाते. खालच्या बाजूस कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळते आणि त्यात सापडलेली वस्तू गरगरत तेथेच राहते. वरून फेस तेवढा दिसतो. बंधाऱ्याखाली मासा हमखास जमतो आणि म्हणूनच माणूस तेथे ओढला जातो. दरवाजे नजरेच्या टप्प्यात असतील तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. कोल्हापूर पद्धतीच्या लहान बंधाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. फळ्या काढल्या की त्यांच्या गाळ्यांतून निघणारा झोत पोहणाऱ्यास आवरत नाही.

दुसरी जागा वाळू उपशाची. गोदावरीच्या वाळूला मोठी मागणी असल्याने पात्रात ठिकठिकाणी खोल खड्डे पडले आहेत. पाणी चढल्यावर ते दिसेनासे होतात. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल दोन पुरुष खोल पाण्यात पडू शकते. काठावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, वाळूचे ढीग किंवा पात्रात उतरलेला कच्चा रस्ता दिसल्यास तेथे पाण्यात पाय घालू नये.

तिसरी जागा पुलाच्या खांबांची. खांबाभोवती प्रवाह फिरून तळ खरवडला जातो आणि तेथे डोह तयार होतो. चौथी संगमाची. दोन नद्यांचा वेग आणि पातळी सारखी नसल्याने कंठेश्वरसारख्या ठिकाणी पृष्ठभाग शांत दिसला तरी आत ओढ असू शकते. पाचवी नदीच्या वळणाची बाहेरची बाजू. पाणी तेथे काठ खालून कोरते. काळ्या मातीचा असा पोखरलेला काठ माणसाच्या भाराने अचानक ढासळतो.

सहावा धोका विजेचा असून बाहेरून येणाऱ्यास तो बहुधा सुचतही नाही. नदीकाठच्या शेतांना पाणी देण्यासाठी पात्रात विद्युत मोटारी बसविलेल्या असतात. त्यांच्या केबली काठावरून, झुडपांतून, कित्येकदा थेट पाण्यातून गेलेल्या असतात. जोड उघडा पडला असेल तर ओला काठच जिवंत होतो. वरून गेलेल्या तारांना कार्बनचा गळ टेकला तरी परिणाम तोच. मोटारींच्या रांगेपासून दूरच बसावे.

निवडावयाची जागा

चांगली जागा सहसा वळणाच्या आतल्या बाजूस असते. प्रवाह तेथे मंदावतो, गाळ व वाळू बसते आणि तळ हळूहळू खोल होत जातो. काठाला उतार असावा, चढून येण्यासाठी किमान दोन वाटा असाव्यात आणि हाक मारल्यास ऐकू जाईल अशा अंतरावर वस्ती, शेत किंवा घाट असावा. जेथे गावातील बाया धुणे धुतात आणि गुरे पाण्यावर येतात, तेथील तळ गावाच्या माहितीचा असतो.

उतरण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून पातळीची खूण करावी आणि दर अर्ध्या तासाने ती पाहावी. खूण बुडू लागली, निवळ पाणी गढूळ झाले, काडीकचरा आणि फेस वाहून येऊ लागला, तर वर कोठे तरी दरवाजा उघडला आहे असे समजून सामान आवरावे. मासे गळाला लागत असतानाच ही खूण दिसते आणि नेमका तेव्हाच माणूस 'आणखी पाच मिनिटे' म्हणून थांबतो.

जलाशयात वाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. येलदरीसारख्या विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूच्या काठाला धरून राहावे आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वाराच काठावर आणून सोडतो. पाण्याखाली गेलेली बाभळीची खोडे आणि जुन्या विहिरी यांची चौकशी काठच्या गावात अगोदरच करावी.

नाव कोणती?

गोदाकाठी ट्रकच्या चाकाची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरणारे अनेक जण आहेत. पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्याची ती गरज आहे. हौशी माणसाने मात्र त्यांचे अनुकरण करू नये. ट्यूबला बाभळीचा एक काटा पुरतो आणि थर्माकोलला वारा हवा तिकडे नेतो. वर बसून वल्हविण्याची, पृष्ठभागास पाणी निथळण्याची छिद्रे असलेली कयाक तुलनेने सुरक्षित. ती उलटली तरी बुडत नाही आणि सराव असल्यास पाण्यातून पुन्हा तिच्यावर चढता येते. हा सराव काठाजवळ, छातीभर पाण्यात, सोबत कोणी असताना आधी करावा. लाइफ जॅकेट नावेत ठेवण्याची वस्तू नसून अंगावर आवळून घालण्याची वस्तू आहे. जाळ्यात किंवा जलपर्णीत अडकल्यास कामी येईल असा लहान चाकू हाताशी असावा.

अमेरिकी खाड्यांचा धडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कयाकमधून 'ब्लूफिश' धरण्याची मोठी हौस आहे. ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट किंवा न्यू जर्सीतील बार्नेगॅट यांसारख्या उपसागरांत हा तीक्ष्ण दातांचा मासा लहान माशांच्या थव्यामागे झुंडीने शिरतो. पाण्यावर समुद्रपक्षी तुटून पडले की ब्लूफिश आला, हे तेथील कयाकवाले ओळखतात. तेथील जाणते मात्र पक्ष्यांकडे पाहण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक आणि वाऱ्याचा अंदाज पाहतात. उपसागराच्या अरुंद तोंडाशी ओहोटीचे पाणी आणि समोरचा वारा यांची गाठ पडली की लाटा उभ्या राहतात. म्हणून तोंडापासून दूर, आडोशाच्या कोपऱ्यातच ते गळ टाकतात.

गोदावरीत ब्लूफिश नाही. परंतु शिकारी मासे आहेत. मरळ कडेच्या वनस्पतींत दबा धरते, तर शिवडा किंवा वलशिवडा या नावांनी ओळखला जाणारा, रुंद जबड्याचा बिनखवल्यांचा मासा खोल डोहात राहतो. रोहू, कटला, मृगळ हे मत्स्यबीज सोडून वाढविलेले मासे मोकळ्या संथ पाण्यात सापडतात. पाणकावळे आणि नदी सुरय जेथे बुड्या मारतात, तेथे लहान मासळी असते. मरळ कडेलाच सापडत असल्याने तिच्यासाठी खोल पाण्यात जाण्याचे कारणच नाही. नवशिक्याने सुरुवात तिच्यापासून करावी.

हक्क कोणाचा?

जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिने पैसे मोजून बोटुकली सोडलेली असते. त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय गळ टाकणे हा दुसऱ्याच्या शेतात शिरण्याचाच प्रकार होय. जायकवाडी जलाशय पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाचे नियम वेगळे आहेत. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली आहे. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची मादी अंड्यांनी भरलेली असते. त्या काळात नदीपासून दूर राहिल्याने माणूस वाचतो आणि पुढील वर्षीचा मासाही.

परवानगी मागावयास गेले असता आणखी एक लाभ होतो. कोणत्या डोहाचा तळ खचला, कोठे वाळू उपसली, वरचे पाणी सुटले आहे काय, याची ताजी माहिती त्याच माणसाकडे असते. नकाशावर ती सापडत नाही. भोयाने 'आज नको' म्हटले, तर त्या दिवशी निर्धोक जागा एकच असते : काठ.

निघण्यापूर्वी

• जायकवाडी, माजलगाव, येलदरी व सिद्धेश्वर यांतील गेल्या काही दिवसांचा विसर्ग वृत्तपत्रात किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनांतून पाहावा.
• कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे घरी व काठच्या गावात सांगून ठेवावे.
• एकट्याने जाऊ नये. अंधार पडण्यापूर्वी एक तास आधी पाण्याबाहेर यावे.
• मद्यप्राशन करून पाण्यावर जाऊ नये.
• मोबाईल जलरोधक पिशवीत, अंगावर बांधून ठेवावा. आपत्कालीन क्रमांक : पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.
• कोणी बुडत असल्यास पोहता येत असले तरी मागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन किंवा लांब बांबू त्याच्याकडे टाकावा.