पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल)

पुणे व पिंपरी-चिंचवड या जोडशहरांची बससेवा चालवणारी सार्वजनिक कंपनी. 'पीएमटी' आणि 'पीसीएमटी' या दोन महापालिकांच्या स्वतंत्र सेवा २००७ मध्ये एकत्र करून ती स्थापन झाली. मुख्यालय स्वारगेटला आहे. निगडीत राहून हडपसरला कामाला जाणाऱ्याला महापालिकेची हद्द कुठे संपते याच्याशी कर्तव्य नसते, म्हणून हे विलीनीकरण आवश्यकच होते.

तिकिटांतून खर्च भागत नाही. ही संचलन तूट पुणे महापालिका ६० टक्के व पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के भरून देते. काही बस महामंडळाच्या, तर बऱ्याच ठेकेदारांच्या आहेत. ठेक्याच्या बसवर चालक ठेकेदाराचा, वाहक महामंडळाचा असतो आणि ठेकेदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर मिळतो. त्यामुळे प्रवासी कमी झाल्याचा तोटा महामंडळाकडेच राहतो. वेळापत्रक, थांबे आणि तपासणी इतकी महत्त्वाची ठरते ती म्हणूनच.

कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर २००६ अखेरीस बीआरटीचा (बससाठी राखीव मार्गिकांचा) प्रयोग सुरू झाला. विद्युत बस २०१९ मध्ये आल्या. मेट्रो मात्र महामंडळाच्या अखत्यारीत नाही. स्थानकांपर्यंत प्रवासी पोहोचवण्यासाठी महामंडळ पूरक बस सोडते.