व्हिडिओ गेमला 'कला' म्हणायचं का? पासपोर्टवर शिक्के मारायला लावणारा एक गेम काय सांगतो, वाचा

समजा, तुम्ही एका देशाच्या सीमेवरच्या चौकीत अधिकारी आहात. खिडकीसमोर एक माणूस येतो. त्याची कागदपत्रं चोख आहेत. तुम्ही शिक्का मारता. जाता जाता तो सांगतो, माझ्या मागेच माझी बायको आहे, तिचं जरा बघा. मग ती येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. परत पाठवलंत तर मला मारून टाकतील, असं ती म्हणते.

नियम सांगतो, तिला परत पाठवा. सोडलंत तर तुमच्या नावावर चूक नोंदवली जाणार. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसऱ्या चुकीपासून पगार कापला जातो. घरी भाडं भरायचंय, थंडीत खोली गरम ठेवायचीय आणि कुणी आजारी पडलं तर औषध आणायचंय. रांग मोठी आहे आणि घड्याळ पळतंय.

हा सिनेमातला सीन नाही. 'पेपर्स, प्लीज' नावाचा हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०१३मध्ये आला. लुकास पोप या अमेरिकन डेव्हलपरने तो जवळपास एकट्याने बनवला. त्याआधी तो 'अनचार्टेड' बनवणाऱ्या नॉटी डॉग या बड्या स्टुडिओत काम करायचा. गोष्ट घडते १९८२मध्ये, आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशात. ग्राफिक्स अगदी साधे, रंग मळकट. मारामारी जवळपास नाहीच. दिवसभर करायचं काय, तर पासपोर्ट, तारखा, शिक्के आणि फोटो पडताळून बघायचे.

तरी हा गेम खेळून उठलेला माणूस त्याबद्दल बोलतो ते एखाद्या कादंबरीबद्दल बोलावं तसं. असं का होतं, हे कळलं की 'गेम म्हणजे कला आहे का' हा वाद नेमका कशावरून आहे तेही कळतं.

गोष्ट सांगितली जात नाही, करवून घेतली जाते

या गेममध्ये रोज सकाळी नवा नियम येतो. आधी फक्त पासपोर्ट बघायचा, मग परवाना, मग ओळखपत्र, मग वजन आणि उंचीसुद्धा. पगार माणशी मिळतो, त्यामुळे वेग वाढवावा लागतो. चार-पाच 'दिवस' गेले की एक गोष्ट लक्षात येते. समोरचा माणूस काय सांगतोय हे तुम्ही वाचतच नाही, फक्त तारखा जुळतात का ते बघता. 'व्यवस्था माणसाला निर्दय बनवते' असं एकही पात्र म्हणत नाही. तुम्ही स्वतः तसे झालेले असता. (तालुक्याच्या ऑफिसात 'झेरॉक्स कुठंय? उद्या या' हे ऐकलेल्यांना इथे खिडकीच्या पलीकडे बसायला मिळतं. खुर्ची आरामाची नाही, एवढं सांगतो.)

कादंबरीत आपण पात्राच्या मनात शिरतो. सिनेमात चेहरा बघतो. गेममध्ये पात्राच्या जागी बसून निर्णय घेतो आणि त्याची टोचणी आपल्याला लागते. सिनेमा बघताना 'याने असं करायला नको होतं' असं म्हणता येतं. इथे 'मी असं करायला नको होतं' असं वाटतं. बाकी सगळा वाद या फरकाभोवती फिरतो.

याचं सगळ्यात छोटं उदाहरण म्हणजे जेसन रोररचा २००७ सालचा 'पॅसेज'. हा गेम पाच मिनिटांत संपतो. स्क्रीनवर एक अरुंद पट्टी आणि तिच्यात एक माणूस. सुरुवातीलाच एक बाई भेटते. तिच्याजवळ गेलात तर ती जोडीदार होते आणि पुढे दोघं बरोबर चालता. पण दोघांना मिळून काही अरुंद वाटांत शिरता येत नाही, तिथला खजिना सोडून द्यावा लागतो. चालता चालता केस पिकतात. एका क्षणी तिच्या जागी थडगं दिसतं आणि तुमची चाल मंदावते. थोड्या वेळाने तुमचंही थडगं. एकही संवाद नाही. संसारात काय मिळतं आणि काय सोडावं लागतं, हे सगळं चालण्याच्या नियमांतून सांगितलंय.

२०२१चा 'बिफोर युअर आईज' त्याहून पुढे जातो. तो वेबकॅमवर तुमचे डोळे बघतो. पडद्यावर एका मुलाच्या आठवणी चालू असतात, आई काहीतरी सांगत असते, आणि तुमच्या पापण्या मिटल्या की काळ पुढे सरकतो. वाक्य अर्धंच राहतं. तुम्ही डोळे ताणून बसता, पाणी यायला लागतं, शेवटी पापणी लवतेच. आयुष्य भुर्रकन निघून जातं हे आपण हजारदा ऐकलंय. इथे ते थांबवायचा प्रयत्न करून हरायला होतं.

मग आक्षेप कुणाचा होता?

रॉजर एबर्ट हे अमेरिकेतले मोठे सिनेसमीक्षक. १९७५मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं होतं. व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत, असं त्यांनी एप्रिल २०१०मध्ये लिहिलं आणि इंटरनेटवर गदारोळ उठला.

त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सिनेमात किंवा कादंबरीत पुढे काय होणार हे लेखक ठरवतो आणि त्या ठरवण्यातच त्याची कला असते. गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दिला, तर लेखकाकडे उरलं काय? शिवाय गेम जिंकता येतो, कादंबरी जिंकता येत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी कबूल केलं की गेम्स न खेळता त्यावर बोलायला नको होतं. मत मात्र सोडलं नाही. एप्रिल २०१३मध्ये ते गेले. 'पेपर्स, प्लीज' त्यानंतर चार महिन्यांनी आला.

एबर्टना उत्तर द्यायला फार लांब जायची गरज नाही, सापशिडी पुरेशी आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट आठवा. साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण आणि शेवटच्या घरात मोक्ष. दान कुणाला काय पडेल ते पडो, पण लोभाच्या घरात साप ठेवायचा आणि तो किती खाली नेणार, हे पट आखणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. सांगायचं ते त्याने पटातून सांगितलं. लुकास पोपनेही तेच केलं. त्या बाईला सोडायचं की नाही हे तुम्ही ठरवता. पण पगार किती कमी, घड्याळ किती वेगात आणि तिसऱ्या चुकीला दंड किती, हे पोपने लिहिलंय. गेमचे वीस शेवट आहेत, आणि वीसही त्याचेच.

कोर्ट आणि म्युझियम काय म्हणालं?

कॅलिफोर्नियाने २००५मध्ये अल्पवयीन मुलांना हिंसक गेम्स विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २७ जून २०११ला ७ विरुद्ध २ अशा बहुमताने कायदा रद्द झाला. निकाल लिहिला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी. पुस्तकं, नाटकं आणि सिनेमांप्रमाणेच गेम्सही पात्रं, संवाद, कथानक यांतून विचार मांडतात, म्हणून अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण त्यांनाही मिळतं, असा निकालाचा आशय होता.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'पॅक-मॅन', 'टेट्रिस'सह १४ गेम्स आपल्या संग्रहात घेतले. 'पॅसेज'ही त्यात आहे. एक बारीक गोष्ट बहुतेक बातम्यांत सुटते. म्युझियमने ते घेतले वास्तुकला आणि डिझाइन विभागात, चित्रं-शिल्पांच्या विभागात नाही. म्हणजे मान मिळाला, पण जरा बाजूच्या दाराने.

सगळेच गेम्स कला आहेत का?

अजिबात नाही. गोष्टीच्या नावाखाली वीस मिनिटांचा सिनेमा दाखवायचा, मग दोन तास गोळ्या झाडायला लावायच्या आणि पुन्हा सिनेमा, असे गेम्स ढिगाने आहेत. तिथे कथा आणि खेळ यांची गाठच पडत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण, २०१३चा 'द लास्ट ऑफ अस', बराचसा याच धाटणीचा आहे. एचबीओने २०२३मध्ये त्याची मालिका केली ती सहज जमली, त्याचं एक कारण हेही असावं. पण त्याच्या शेवटाकडे (ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा) जोएल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला मारतो. मालिकेत ते आपण बघतो, गेममध्ये मात्र ते केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. एवढा एक प्रसंग मला अख्ख्या मालिकेपेक्षा भारी वाटतो.

आणि आपल्याकडे?

पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स नावाचा स्टुडिओ आहे. त्यांचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२०मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या राजी या मुलीची ही गोष्ट. २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा एका सहसंस्थापकाने काम चालू ठेवण्यासाठी फ्लॅट विकला होता. पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी 'राजी'ला नामांकन मिळालं.

गोष्ट सांगण्याची त्याची पद्धत ओळखीची वाटेल. पहाडी चित्रशैलीतली दृश्यं, मधले प्रसंग छाया-बाहुल्यांतून आणि निवेदनाला दुर्गा आणि विष्णू. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत चित्रकथी बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मराठीत बाहुल्यांचाही खेळ असतो आणि थिएटरात सिनेमाचाही नऊचा 'खेळ' असतो. तोच शब्द मोबाइलवरच्या खेळाला लावताना मात्र आपण नाक मुरडतो. 'राजी'त उणिवा आहेत. लढाया एकसुरी होतात आणि शेवट अर्धवट वाटतो. पण नाटक-सिनेमाची चर्चा जशी होते, तशी त्याची व्हायला हवी होती. मराठीत ती फारशी झाली नाही.

कारण आपल्याकडे 'गेम' या शब्दाभोवती बातम्या असतात त्या बंदीच्या. सप्टेंबर २०२०मध्ये पबजी बंद झाला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यात पैशांचे गेम्स, ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम्स असे वेगळे प्रकार केले आहेत. घरातल्या चर्चेत तो फरक टिकत नाही. रमीच्या अॅपमध्ये पैसे घालवणारा आणि गेमसाठी कथा लिहू पाहणारी मुलगी, दोघांनाही एकच वाक्य ऐकावं लागतं: 'गेमच्या नादी लागू नकोस.'

सुरुवात कुठून करायची?

महागडा कॉन्सोल लागत नाही. 'पॅसेज' फुकट आहे. 'पेपर्स, प्लीज' २०२२पासून फोनवरही आहे. त्याहून सोपा हवा असेल तर २०१८चा 'फ्लॉरेन्स' घ्या, तासाभरात संपतो. एका मुलीच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट. त्यात संवाद नाहीत, बोलायचं म्हणजे तुकडे जोडून रिकामा फुगा पूर्ण करायचा. पहिल्या भेटीत तुकडे बरेच असतात. ओळख वाढते तसे कमी होतात, शेवटी एकच उरतो. पुढे भांडण होतं तेव्हा तुकडे पुन्हा येतात, पण या वेळी त्यांना टोकं असतात.