परवाना नसलेला शल्यविशारद: चित्रांतल्या वैद्यकाचा जपानी आणि मराठी इतिहास

‘ब्लॅक जॅक’ हा जपानी ॲनिमेशनपट ३० नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमधल्या चित्रपटगृहांत लागला. दिग्दर्शन ओसामु देझाकी यांचे, वितरण शोचिकु या जुन्या चित्रसंस्थेचे आणि लांबी सुमारे दीड तास. व्यंगपट किंवा कार्टून म्हटले की मुलांची करमणूक हेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांना या चित्रपटाची पहिली काही मिनिटेच बुचकळ्यात टाकतात. इथे शस्त्रक्रियेचे टेबल आहे, उघडे केलेले पोट आहे, रक्त आहे, आणि परवाना नसताना अवाच्या सवा पैसे घेऊन शस्त्रक्रिया करणारा नायक आहे. त्या वर्षीचा माइनिची चित्रपट पुरस्कारांतील ॲनिमेशनपटाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

या नायकाचा जन्मदाता ओसामु तेझुका. जपानी चित्रकथेला म्हणजे ‘मांगा’ला आजचे रूप देणाऱ्यांत त्याचे नाव पहिले घेतले जाते. १९२८ साली जन्मलेल्या तेझुकाने १९४५ मध्ये ओसाका विद्यापीठाशी जोडलेल्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. महायुद्ध संपत आले होते, शहरे बॉम्बने होरपळलेली होती आणि डॉक्टरांची टंचाई होती. शिकता शिकताच तो चित्रकथा काढत होता, आणि १९४७ साली आलेले त्याचे ‘नवे खजिन्याचे बेट’ हे पुस्तक प्रचंड खपले. तरी त्याने वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडला नाही. १९५१ मध्ये शिक्षण पुरे केले, पुढच्या वर्षी वैद्यकाची राष्ट्रीय परीक्षा दिली आणि १९६१ साली नारा वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरेटही मिळवली. प्रबंधाचा विषय होता तळ्यातल्या गोगलगाईच्या शुक्रपेशींची सूक्ष्म रचना. दवाखाना की चित्रे, असा पेच पडला तेव्हा त्याने आईचा सल्ला घेतला. जे मनापासून आवडते ते कर, असे तिने सांगितल्याची आठवण त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

‘ब्लॅक जॅक’ ही चित्रकथा नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘शोनेन चॅम्पियन’ या साप्ताहिकात सुरू झाली. तेझुकाचे दिवस तेव्हा वाईट होते. नव्या पिढीचे वाचक अधिक वास्तववादी, रांगड्या कथांकडे वळले होते, आणि त्याने उभारलेली मुशी प्रॉडक्शन ही ॲनिमेशन संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. त्याचा काळ संपला असे म्हणणारे पुष्कळ होते. या मालिकेने ते खोटे ठरवले. नियमित प्रकाशन १९७८ पर्यंत चालले, तुरळक भाग १९८३ पर्यंत येत राहिले आणि एकूण कथांची संख्या २४० च्या पुढे गेली. बहुतेक कथा एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपत: एक रोगी, एक पेच, एक शस्त्रक्रिया.

नायकाचे खरे नाव हाझामा कुरोओ. लहानपणी एका स्फोटात त्याची आई गेली आणि त्याच्या शरीराच्या चिंधड्या झाल्या. डॉ. होन्मा यांनी त्याला अक्षरशः पुन्हा शिवून उभे केले. चेहऱ्याच्या एका भागावर वेगळ्या रंगाची कातडी आहे, कारण ती त्याच्या मिश्र वंशाच्या मित्राने दिली होती. मित्र दूर गेल्यावरही त्याची खूण बदलून घ्यायला तो तयार नाही. सोबतीला पिनोको नावाची मुलगी असते. एका रुग्णाच्या शरीरातल्या गाठीत अठरा वर्षे वाढलेल्या जुळ्या भ्रूणाचे अवयव काढून त्याने तिला कृत्रिम देहात बसवले आहे. वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर हे टिकणार नाही. ब्लॅक जॅक तर आरशात बघून स्वतःच्याच पोटावर शस्त्रक्रियाही करतो. तेझुकाचे शिक्षण युद्धोत्तर काळातले, शिवाय तो नेमाने दवाखान्यात बसलेला माणूस नव्हता. तपशिलांत तो ढिला होता, पण रोग्यापुढे उभ्या राहणाऱ्या डॉक्टरच्या मनात काय चालते हे त्याला ठाऊक होते, आणि वाचकांना ते पुरेसे वाटले.

या नायकाची फी कळायची असेल तर जपानची त्या वेळची आरोग्यव्यवस्था माहीत हवी. १९६१ मध्ये जपानने सर्व नागरिकांना आरोग्यविम्याखाली आणले. कोणत्या उपचाराला किती पैसे, हे सरकारी दरपत्रक ठरवू लागले. अशा देशात कोट्यवधी येन मागणारा डॉक्टर हा नुसता लोभी माणूस ठरत नाही. सारी व्यवस्था तो धाब्यावर बसवतो. मात्र ही फी बहुधा एक परीक्षा असते. पैसेवाल्याला ती मोजावी लागते. एखादी गरीब आई आयुष्यभर कष्ट करून ती फेडीन म्हणाली, की तिच्या त्या एका वाक्यावरच हिशेब मिटतो. डॉ. किरिको हा त्याचा प्रतिस्पर्धी तर रोग्यांना शांत मरण देतो. युद्धात सैनिकांच्या यातना पाहिल्याने तो असा झाला. दोघांपैकी बरोबर कोण, हे कथा सांगत नाही, आणि तेझुकाचे मोठेपण इथे आहे.

तेझुका १९८९ साली वारला. त्यानंतर चार वर्षांनी, १९९३ पासून, देझाकीच्या दिग्दर्शनाखाली ‘ब्लॅक जॅक’चे भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर येऊ लागले, आणि त्यांना मिळालेल्या प्रतिसादातून १९९६ चा चित्रपट उभा राहिला. देझाकी उमेदवारीच्या काळात तेझुकाच्याच मुशी संस्थेत होता, पण त्याची चित्रभाषा गुरूच्या चित्रभाषेपासून फार दूरची. तेझुकाची माणसे गोलमटोल, मोठ्या डोळ्यांची. ऐन शस्त्रक्रियेत तो एखादा विनोदही करून जाई. देझाकीचा जोडीदार अकिओ सुगिनो याने तीच पात्रे उंच, हाडकुळी आणि सावल्यांत बुडालेली रेखाटली. नाट्याच्या टोकाला हालचाल एकदम थांबवून तीच चौकट रंगीत खडूंनी काढल्यासारख्या स्थिर चित्रात बदलणे ही देझाकीची खास खूण. शस्त्र कातडीला टेकते त्या क्षणी चित्र गोठते, आणि पुढचे प्रेक्षक मनात पाहतो.

चित्रपटाची कथा तेझुकाच्या एखाद्या कथेवरून घेतलेली नाही, ती नव्याने रचलेली आहे. एका ऑलिंपिकमध्ये काही खेळाडू माणसाच्या आवाक्यापलीकडचे विक्रम करतात. कला आणि विद्येच्या क्षेत्रांतही अशी अचाट माणसे दिसू लागतात. जग त्यांना अतिमानव म्हणून डोक्यावर घेते. काही काळाने याच माणसांची शरीरे आतून कोसळू लागतात आणि अवयव म्हातारे होतात. या विकाराला चित्रपटात ‘मोइरा’ हे नाव आहे. एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्राची प्रमुख जो कॅरल ब्रेन ही ब्लॅक जॅकवर दबाव आणून त्याला उपचाराच्या कामाला लावते. मेंदूत तयार होणाऱ्या एंडॉर्फिनशी रोगाचा संबंध आहे, हे हळूहळू उघड होते, आणि रोगाचा माग औषध बनवणाऱ्यांच्याच दारापर्यंत पोचतो.

हा चित्रपट कोणत्या वर्षी लागला हेही ध्यानात घ्यायला हवे. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानच्या आरोग्यमंत्र्यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांची जाहीर माफी मागितली होती. उष्णतेची प्रक्रिया न केलेल्या रक्तघटकांमुळे हजाराहून अधिक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली होती, आणि त्याच वर्षी एका नामांकित डॉक्टरला व औषध कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पांढरा कोट आणि औषधाची बाटली यांवरचा लोकांचा विश्वास उडालेल्या वर्षी, बाहेरून आलेला, परवाना नसलेला, पण हात सच्चा असलेला डॉक्टर पडद्यावर आला. निर्मात्यांनी हे मुद्दाम जुळवून आणले असे म्हणण्याचे कारण नाही. प्रेक्षकांनी मात्र जोड लावली नसेल, हे पटणारे नाही.

शरीर उघडल्याचा देखावा खऱ्या माणसांच्या चित्रपटात अनेकांना बघवत नाही, चित्रात मात्र तो सोसवतो. शिवाय चित्रकाराच्या कुंचल्याला कॅमेऱ्यासारखी कातडीची अडचण नसते. रक्तवाहिनीतून, मेंदूच्या घडीतून, पेशीच्या आतून तो प्रेक्षकाला फिरवून आणू शकतो. रोगनिदानाची मांडणी रहस्यकथेची असते: लक्षणे म्हणजे पुरावे, आणि गुन्हेगार शरीरातच दडलेला. जपानमध्ये कुशल शल्यविशारदाला कौतुकाने ब्लॅक जॅक म्हणण्याची रीत पडली. ही चित्रकथा वाचून वैद्यकाकडे वळलो असे सांगणारे डॉक्टरही तिथे बरेच आहेत.

महाराष्ट्रात चित्रे हलवण्याची विद्या जपानच्या मागे नव्हती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचे रोप उगवताना रोज थोडे थोडे चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला आणि पुढे आगकाड्यांना नाचवले. प्रभात या चित्रसंस्थेने १९३४ साली ‘जंबू काका’ हा व्यंगपट काढला. संघटितपणे काम सुरू झाले ते मुंबईत, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, १९५६ पासून. डिस्नेकडे काम केलेला आणि भारतातच जन्मलेला क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आला. त्याच्या देखरेखीत झालेल्या ‘द बनियन डिअर’ या जातककथेची रेषा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून उचललेली आहे. याच विभागात राम मोहन हा पुढे भारतीय ॲनिमेशनचा अध्वर्यू ठरलेला कलावंत तयार झाला.

या विभागाला आरोग्याचे विषय वर्ज्य नव्हते, पण सरकारी चष्म्यातून. कुटुंबनियोजन, स्वच्छता, लसीकरण हे विषय येत ते उपदेश म्हणून. प्रमोद पती यांचा ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) हा कुटुंबनियोजनावरचा प्रयोग मजेशीर आहे, तरी शेवटी तोही प्रचारच. हे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवण्याची सक्ती होती, त्यामुळे ते सर्वदूर पोचले. लोक ते बघत, पण त्यांच्यासाठी कोणी तिकीट काढत नसे.

मराठवाड्यातल्या गावांना वैद्यकाची चित्रे भेटली ती बहुधा फलकांतून आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातातल्या कार्डांवरून. त्यांत नारू या जंताच्या रोगाचेही चित्र असे, आणि तो रोग समजायला परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर हे गाव बघावे. गोलाकार फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेसाठी ते आज ओळखले जाते. बांधणीच्या दृष्टीने पायऱ्यांच्या विहिरी हे मराठवाड्याचे वैभव, पण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हीच रचना नारूची आवडती जागा होती. माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घाली. नारू झालेल्याच्या पायातून हातभर लांब मादी बाहेर पडत असे; आग शमवायला तो पाय पाण्यात बुडवला, की हजारो अळ्या पाण्यात सुटत. पाण्यातले सायक्लॉप्स हे सूक्ष्म जीव त्या गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात साधारण वर्षभराने नवा नारू तयार होई. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा बाहेर ओढणे, एवढाच इलाज माहीत होता.

रोग आत शिरतो, वर्षभर लपतो आणि मग कातडी फाडून बाहेर येतो, अशी ही गोष्ट कुठल्याही चित्रकाराने हावरटासारखी उचलावी. मराठीत ती कोणी पडद्यावर रंगवल्याचे दिसत नाही. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ज्या राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांना कठडे घालणे, पाणी कापडातून गाळणे, नारूचे चित्र दाखवून घरोघर रुग्ण शोधणे अशी कामे झाली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. शेवटचा रुग्ण आणि ‘ब्लॅक जॅक’ एकाच वर्षाचे, हा योगायोगच.

डॉक्टरचे नाट्य मराठी माणसांनी रंगवले ते जित्याजागत्या नटांकडून. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली वारलेल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. त्यातले शत्रू जपानी सैनिक आहेत. नंतरचे ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो’ (२०१४) आणि ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) हेही चरित्रपट. हे सगळे डॉक्टर त्यागी, निष्कलंक, वंदनीय. पैसे मागणारा, कायदा मोडणारा, तरी रोगी ज्याच्या दारात रांग लावतात असा डॉक्टर मराठी पडद्याने नायक म्हणून सहसा जवळ केलेला नाही. खासगी दवाखान्याचे बिल ठाऊक असलेल्या समाजात असे पात्र पुष्कळ रंगले असते.

भारत आणि जपान यांची चित्रपटांतली जोडी जमली ती वैद्यकावर नाही, रामायणावर. युगो साको हा जपानी निर्माता १९८३ मध्ये रामायणाशी निगडित उत्खननांवरच्या माहितीपटासाठी भारतात आला आणि या कथेत गुंतला. राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह त्याने केलेला ‘रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ मध्ये तयार झाला. भारतात विरोध झाल्याने सरकारी सहकार्य मिळाले नाही आणि रेखाटनाचे बहुतेक काम जपानमध्ये झाले. पुढच्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी बनावटीचा ‘मोगली’ आला आणि या शैलीचे डोळे मराठी मुलांच्या ओळखीचे झाले. साकोचे रामायण नव्याने ध्वनिमुद्रित होऊन २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातल्या चित्रपटगृहांत लागले. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, ‘शोनेन चॅम्पियन’ने ‘ब्लॅक जॅक’ची एक नवी कथा छापली होती, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने रचलेली होती.