स्वप्नांचा महाल (कादंबरी)

'स्वप्नांचा महाल' ही अल्बेनियन साहित्यिक इस्माईल कादारे (१९३६–२०२४) यांची रूपकात्मक कादंबरी आहे. मूळ अल्बेनियन शीर्षकाचा अर्थ 'स्वप्नमहालातील कर्मचारी' असा होतो. एन्व्हर होजा यांच्या साम्यवादी राजवटीत १९८१ साली ती प्रकाशित झाली आणि अल्पावधीतच तिच्यावर बंदी आली.

पार्श्वभूमी

अल्बेनियात प्रकाशन व्यवसाय पूर्णतः शासनाच्या हाती होता. १९७३ साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने कलाक्षेत्रातील 'उदारमतवादा'विरुद्ध मोहीम उघडल्यानंतर लेखकांवरील नियंत्रण अधिक कडक झाले. १९७५ साली नोकरशाहीवर उपरोधिक टीका करणाऱ्या एका कवितेमुळे कादारे यांना काही काळ खेड्यात पाठविण्यात आले होते.

कथानक

कथा उस्मानी साम्राज्यात घडते. तेथील 'ताबिर सराय' ही शासकीय संस्था सर्व प्रजाजनांची स्वप्ने गोळा करून त्यांची निवड करते व अर्थ लावते. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे स्वप्न दर आठवड्याला सुलतानापुढे ठेवले जाते. बलाढ्य कुप्रिली घराण्यातील मार्क-आलेम हा तरुण येथे नोकरीस लागतो. एका भाजीविक्रेत्याच्या स्वप्नाचा अर्थ या घराण्याविरुद्ध लावला जातो. मार्क-आलेमच्या मामाला देहदंड होतो. मार्क-आलेम मात्र बढती मिळत त्याच यंत्रणेचा प्रमुख बनतो.

बंदी

कथेत होजा यांचा किंवा समकालीन अल्बेनियाचा उल्लेख नाही. तरीही मनातल्या विचारांवर पाळत ठेवणारी ही संस्था वाचकांना अपरिचित वाटली नाही. १९८२ साली लेखक-कलावंत संघाच्या बैठकीत कादंबरीचा निषेध झाला. अन्योक्तीपुढे सेन्सॉरची नेहमीच कोंडी होते: पुस्तक चालू द्यावे तर टीका पसरते आणि बंदी घालावी तर वर्णन आपल्यालाच लागू पडते, अशी कबुली दिल्यासारखे होते. अल्बेनियाच्या राज्यकर्त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. कादारे यांना अटक झाली नाही. त्यांची आंतरराष्ट्रीय कीर्ती हे त्याचे एक कारण मानले जाते.

उत्तरकाळ

१९९० साली यूसुफ व्रिओनी यांचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यावरून बार्बरा ब्रे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९३ साली आला. ऑक्टोबर १९९० मध्ये कादारे यांनी फ्रान्समध्ये राजकीय आश्रय घेतला. २००५ साली त्यांना मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन

कादारे हे राजवटीच्या काळात लोकसभेचे सदस्यही होते. त्यामुळे त्यांना बंडखोर लेखक म्हणावे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उघड विरोध अशक्य असलेल्या देशात लिहिणे हाच प्रतिकार होता, असे त्यांचे समर्थक मानतात. टीकाकार त्यांना मिळालेल्या सवलतींकडे बोट दाखवतात. मार्क-आलेमच्या व्यक्तिरेखेतही बळी आणि सहभागी यांच्यातील ही सीमारेषा पुसट झालेली दिसते.