समुद्राचा पेंढा

युरोपच्या किनाऱ्यांवर, वाळूच्या टेकड्यांवर एक उंच, राखाडी-हिरवं गवत वाढतं. इंग्रजीत त्याला मॅरम म्हणतात. या शनिवारी सहज त्या शब्दाच्या मागे लागलो आणि थेट मराठीत येऊन पोचलो!

शब्द मूळचा व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतला. 'मार्र' म्हणजे समुद्र, 'हाल्म्र' म्हणजे पेंढा. दोन्ही मिळून समुद्राचा पेंढा. हा 'हाल्म्र' ग्रीक 'कालामोस'चा, म्हणजे बोरूचा, भाऊबंद. कालामोसवरून अरबीत 'कलम' आलं आणि फारसीमार्गे आपल्याकडे. आपली लेखणी, हापूसचं कलम, कायद्याचं कलम... सगळं एकाच काडीचं खानदान!

असो. नावातच पेंढा म्हटल्यावर लोकांनी त्याला पेंढ्यासारखंच वापरलं. छपरं शाकारली, चटया विणल्या, दोर वळले. पण या गवताचं खरं काम जमिनीखाली चालतं. अंगावर वाळू पडली की ते गुदमरत नाही, उलट वर वाढतं, वर्षाला अगदी मीटरभरसुद्धा. खाली मुळांचं जाळं वाळू धरून ठेवतं. शास्त्रीय नावाने हे बरोबर हेरलंय: 'अमोफिला', म्हणजे वाळूवर प्रेम करणारं.

स्कॉटलंडच्या मोरे किनाऱ्यावर कल्बिन नावाची जहागीर होती. वाळू तिथे आधीपासूनच सरकत होती. १६९४ च्या वादळात शेतंच्या शेतं गाडली गेली. जहागीरदार अलेक्झांडर किनेर्डने १६९५ मध्ये संसदेकडे करमाफी मागितली. त्याच वर्षी स्कॉटिश संसदेने कायदा केला: वाळूच्या टेकड्यांवरचं 'बेंट' (हे मॅरमचं तिथलं नाव) आणि झुडपं उपटायला बंदी. वाळू पसरण्याचं मुख्य कारण म्हणून कायद्यात ही उपटाउपटच नोंदवली आहे.

आमच्या धंद्यातही असं होतं. 'ही जुनी फाईल कशाला?' म्हणून कोणीतरी डिलीट करतं आणि मग कळतं की सगळा डोलारा तिच्यावरच उभा होता. पण इथे नुसता मूर्खपणा नव्हता. गरिबाला डोक्यावर छप्पर हवंच होतं. फक्त त्याची किंमत शेजारच्या शेताने मोजली.

१९२० च्या दशकात वनखात्याने कल्बिनची जमीन घेतली. आज तिथे पाइनचं जंगल आहे. रोपं टिकावीत म्हणून आधी वाळूवर फांद्या अंथरल्या, म्हणजे चक्क जमीनच शाकारली!