पंटर: एका शब्दाचा प्रवास

मटक्याच्या अड्ड्यावर छापा टाकण्याआधी पोलीस एका माणसाला नोट देऊन पुढे पाठवतात. नोटेचा नंबर पंचांसमोर आधीच टिपून घेतलेला असतो. माणूस आकडा सांगतो, पैसे देतो, चिठ्ठी घेतो आणि ठरलेली खूण करतो. झडतीत नेमकी तीच नोट सापडते. अशा माणसाला जुगाराच्या खटल्यांत 'बोगस पंटर' म्हणतात. पुढे दारूच्या, गुटख्याच्या छाप्यांतही असाच बनावट गिऱ्हाईक जाऊ लागला. त्यातला 'बोगस' गळाला आणि 'पंटर पाठवून खात्री केली' हे वाक्य पुण्याच्या वर्तमानपत्रांत रुळून गेलं.

मूळचा पंटर मात्र खराखुरा पैसे लावणारा. युरोपात फारो नावाचा पत्त्यांचा खेळ होता. एकजण बँक धरून बसायचा, बाकीचे तिच्याविरुद्ध पानांवर पैसे लावायचे. लावणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'पोंत' म्हणत. पुश्किनची 1834 सालची 'हुकमाची राणी' ही कथा याच खेळावर उभी आहे. इंग्रजीने त्या शब्दाचा 'पंटर' केला आणि पत्त्यांवरून तो घोड्यांवर नेला.

घोडे पुण्यात लष्कराबरोबर आले. कॅम्पातलं रेसकोर्स 1830 सालचं, जमीन आजही लष्कराची. मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला, पुण्याचा पावसाळ्यातला, म्हणून इथल्या पंटरला आभाळाकडेही बघावं लागतं. ओल्या मातीत कोणता घोडा टिकतो, गेल्या शर्यतीत तो किती अंतर पळाला, आज त्याच्या पाठीवर वजन किती, जॉकी कोण, हे सगळं तो ताडून बघतो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन हँडिकॅपर सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न करतो आणि पंटर त्या हिशेबातली फट शोधत असतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं, ते या अभ्यासामुळेच.

गल्लीतल्या पंटरला ही सोय नव्हती. मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. ते बंद पडल्यावर 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आकडे काढायला सुरुवात केली. 1964 पासून रतन खत्रींचा मटका चालला. पद्धत सोपी होती. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. दोन, पाच, आठ आले की बेरीज पंधरा, म्हणून ओपन पाच. रात्री पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका आकड्याला साधारण एकास नऊ मिळत. आकडे दहा आणि पैसे नऊपट, म्हणजे बुकीचा हिस्सा खेळातच कापलेला. तरीही पंटर स्वप्नांवरून, गाड्यांच्या नंबरांवरून आकडा जुळवत राहिला आणि त्यापायी कित्येक घरांतला पगार संपला. हा शब्द उच्चारताना ती घरं विसरता येत नाहीत.

अड्ड्याभोवती वावरणारी पोरंही पंटरच. 'तो अमक्या भाईचा पंटर' हा अर्थ बहुधा तिथूनच आला असावा. पैसे लावणाऱ्यापेक्षा साहेबाचा हुकूम झेलणारा पंटर आज जास्त ओळखीचा आहे. निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराच्या मागेपुढे तो दिसतो. टपोरी म्हणून या शब्दाला शब्दकोशाबाहेर ठेवणं मला पटत नाही. एवढे अर्थ पेलणाऱ्या शब्दाला त्याची नोंद मिळायलाच हवी.

डाव लावणारा आणि गिऱ्हाईक, हे दोन अर्थ एका शब्दात नांदणं आपल्याला नवं नाही. संस्कृतातला 'पण्' हा धातू जुगारात डाव लावण्यासाठीही आहे आणि खरेदी-विक्रीसाठीही. पाणिनीने एका सूत्रात 'व्यवहृ' आणि 'पण्' हे धातू समान अर्थाचे म्हणून एकत्र घेतले, आणि तो समान अर्थ म्हणजे द्यूत आणि व्यापार, असं टीकाकार सांगतात. मराठीत त्याच धातूच्या एका बाजूला 'पणाला लावणे' राहिलं, दुसऱ्या बाजूला 'पणन'. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात 1984 साली स्थापन झालेल्या राज्य कृषी पणन मंडळाचं कार्यालय आहे. त्याच यार्डात कांद्याचे ट्रक उतरतात. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवणारा शेतकरी सप्टेंबरात भाव वाढेल या अंदाजावर बसलेला असतो. चाळीत किती सडेल, सरकार निर्यातबंदी आणेल का, पाऊस कधी आत शिरेल, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. रेसच्या पंटरला निदान घोडा डोळ्यांनी बघायला मिळतो. इथे अख्ख्या वर्षाची कमाई पणाला लागलेली असते, आणि लावणाऱ्याने खेळायचं ठरवलेलंही नसतं.